भिंतीवरचा पथ्याचा कागद

माझा मुलगा पुण्याहून दर दोन-तीन महिन्यांनी मला एक बाटली पाठवतो. जाड काचेची, लाकडी बुचाची, आणि आत खोबरेल. लाकडी घाण्याचं आहे, शुद्ध आहे, रोज सकाळी उपाशीपोटी एक चमचा घे, असा त्याचा हुकूम असतो. रत्नागिरीत राहणाऱ्या आईला पुण्याहून खोबरेल पाठवताना आपण काय करतोय, हे त्याच्या ध्यानात येत नाही आणि मीही आणून देत नाही. मी ते केसांना चोळते आणि फोनवर त्याला सांगते, हो रे बाबा, घेतलं. मग माझे डॉक्टर माझा रक्ताचा कागद बघून म्हणतात, काकू, खोबरं जरा बेतानं. मी त्यांनाही हो म्हणते. या वयात हो म्हणायला काही पडत नाही. पण बाटली हातात घेतली की मला हसू येतं, कारण मी सोळा वर्षांची असताना याच खोबऱ्याला घरातून हाकलून देणारी मुलगी मीच होते, आणि त्या वेळी माझ्याइतकं शहाणं आमच्या मिरकरवाड्यात दुसरं कुणी नव्हतं.

बाबा तेव्हा बंदराजवळच्या बर्फाच्या कारखान्यात मुकादम होते. लाद्या फोडून ट्रॉलरवर चढवून घ्यायच्या, हे त्यांचं काम. दुपारी घरी येत तेव्हा त्यांच्या हातांना थंडगार ओला वास असे आणि पिशवीत कुणीतरी प्रेमानं दिलेली मासळी असे. आई नाटे गावची. नाट्याच्या बायका कालवण करतात तसं रत्नागिरीत कुणाला जमत नाही असं तिचं मत होतं, आणि बाबांचंही लग्नानंतर तेच मत झालं होतं. सकाळी उठल्यावर घरात पहिला आवाज खवणीचा. नारळ खवला जाई, मग पाट्यावर वरवंटा फिरे, मिरची-धणे-हळदीचं वाटप भगवं होत जाई, आणि मग कोकमाचं आगळ पडलं की सगळं घर भुकेजून उठे. बांगड्याचं तिखलं, कोलंबीचं सुकं, वालाचं बिरडं, घावनाबरोबर नारळाचा गोड रस, कशातच खोबरं नाही असं जेवण आमच्या घरी फक्त तापात मिळे. खोबरं म्हणजे स्निग्ध पदार्थ, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. चरबी म्हणजे खाटकाकडे बोकडाला लटकलेली दिसते ती. तूप म्हणजे देवरूखची आत्या बरणीतून आणते ते. तेल म्हणजे तळणाचं. आणि खोबरं म्हणजे खोबरं. पाण्याला कुणी पथ्य लावतं का, तसंच.

एके दिवशी भर सकाळी बाबा लाद्या मोजून घेता घेता जेटीवरच बसले. छातीत कळ आली होती आणि घाम असा सुटला होता की लोकांना वाटलं बर्फाचं पाणी अंगावर सांडलं. दवाखान्यात काही दिवस ठेवलं. मोठं काही झालं नव्हतं, पण होता होता राहिलं होतं. डॉक्टर नवे होते, तरुण, साताऱ्याकडचे, चटाचटा बोलणारे. निघताना त्यांनी जांभळ्या शाईत छापलेला पथ्याचा एक कागद दिला. मी तेव्हा समोरच्या दुकानातून औषधं आणायला गेले होते. परत आले तर आई तो कागद चार घड्या करून कनवटीला लावत होती. मी म्हटलं, दे इकडे, मी वाचते. आई चौथी शिकलेली, मी अकरावी सायन्स. ती बिचारी मुकाट्यानं देऊन मोकळी झाली.

काय बंद, तर नारळ बंद, खोबरेल बंद, साजूक तूप बंद, लोणी, साय, अंड्याचा बलक, मटण, कोलंबी बंद. काय चालेल, तर करडईचं किंवा सूर्यफुलाचं रिफाइंड तेल. शेंगदाण्याच्या कुटाबद्दल कागदात चकार शब्द नव्हता. डॉक्टर साताऱ्याचे होते. आपापल्या आईच्या हातचं जेवण पथ्याच्या यादीत घालायला कुणाचा हात धजतो? पण हा विनोद मला आज सुचतोय. तेव्हा मी गंभीर होते. जीवशास्त्राच्या पुस्तकात संपृक्त आणि असंपृक्त मेदाम्लांचं एक पान होतं, ते मी पाठ केलं होतं, आणि ज्ञान पाठ झालं की ते घरच्यांवर चालवून बघायची खाज सुटते. मी भाताची चार शितं कुस्करून खळ केली, ती स्वयंपाकघरात चुलीसमोरच्या भिंतीला फासली आणि तो कागद त्यावर चिकटवून टाकला. कोपरे नाही, अख्खा कागद. सुटता कामा नये म्हणून तळहातानं दाबून दाबून.

मग माझी राजवट सुरू झाली. शाळेत आम्हाला एक प्रयोग शिकवला होता. पदार्थ कागदावर घासायचा, वाळू द्यायचा, आणि कागद उजेडात धरायचा. डाग पारदर्शक राहिला तर पदार्थात मेद आहे. मी वहीच्या कागदांचे चौकोन कापून ठेवले आणि आईनं केलेला प्रत्येक पदार्थ घासून मागच्या दारच्या उन्हात धरू लागले. पापड नापास. चटणी नापास. नुसती कच्ची तारली घासली तरी कागदातून समोरची पोफळ दिसू लागली, तेव्हा मी तारली आणि बांगडा दोन्ही बंद करावेत असा ठराव मांडला. बाबा आरामखुर्चीत पडल्या पडल्या म्हणाले, "गो बायो, माशाला तरी पोहू दे." तळलेला पापलेटही नापास झाला होता, पण तो रिफाइंडमध्ये तळलेला असल्यामुळे मी त्याला उदार मनानं पास केलं. आईचाही त्या तेलाबद्दल असाच समज झाला. डॉक्टरांनी लिहून दिलं म्हणजे ते औषध, आणि औषधात हात आखडू नये. जी बाई पूर्वी पळीभर तेलात पाव्हणे धरून आठ जणांचं करायची, ती आता आम्हा तिघांसाठी वांगी पोहतील इतकं तेल ओतू लागली. रविवारी वडे, बुधवारी भजी. हृदयाला चांगलं असलेलं तेल बाबांच्या हनुवटीवरून ओघळायचं आणि मी समाधानानं बघत असायची.

देवरूखहून आत्या आली ती नेहमीसारखी तुपाची बरणी घेऊन. बाबांची ही थोरली बहीण, घरच्या म्हशी, आणि तुपानं माणूस आजारी पडतो हे ऐकून तिला इतका राग आला की ती बरणी मांडीवर घेऊनच बसून राहिली. आमच्या बापाशीनं वाटीनं तूप पिऊन डोंगर चढला, असं तिचं म्हणणं. मी तिला संपृक्त मेद समजावला. तिनं मला विचारलं, तू म्हैस कधी दोहली आहेस का. चर्चा तिथंच थांबली. शेवटी तोड म्हणून मी वाण्याकडून वनस्पती तुपाचा डबा आणला, कारण ते वनस्पतीचं, म्हणजे प्राण्याचं नाही, म्हणजे निरुपद्रवी. पुढं कित्येक वर्षांनी वाचलं की सगळ्यांत वाईट कुठलं असेल तर तेच. आत्या आज असती तर तिला हे सांगायला मी देवरूखला चालत गेले असते.

कालवणात आई आता शेंगदाण्याचं कूट घालायची. मासळी आणि शेंगदाणा यांचं लग्न कुणी जुळवलं, ते देव जाणे. बाबा पहिला घास घेत, वर घोटभर पाणी पीत, आणि छान आहे म्हणत. आई त्यांच्या तोंडाकडे बघत असे. घर एकदम मुकं झालं होतं. खवणी माळ्यावर गेली होती, आणि आई सकाळी उठून काय करावं हे न कळून ओटा दोन-दोनदा पुशी. तिचं काम गेलं होतं, असं मला आज वाटतं. तेव्हा मला वाटायचं, किती सोपं झालं तिचं.

याच सुमारास बाबा देवभक्त झाले. आमच्या घराण्यात शिमग्याच्या पालखीच्या दिवसांपलीकडे देवाकडे कुणी फारसं फिरकत नसे. पण पुन्हा कामावर जाऊ लागलेले बाबा आता रोज सकाळी आधी देवळात जाऊ लागले, मंगळवारी तर दोनदा. आई सुखावली. जीव वाचला की माणसाला देव आठवतो, म्हणाली. मला मात्र धुण्याच्या वेळी त्यांच्या सदऱ्याचा खिसा दिसला. उन्हात धरला, तर आरपार दिसत होतं. आमच्याकडे देवळात दिवसभर कुणी ना कुणी नारळ देतं, देवाला गाऱ्हाणं घातलं जातं, नारळ फुटतो आणि हजर असेल त्याच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा पडतो. बाबा हजर राहत होते. प्रसाद नाकारता येत नाही, अशी त्यांची बाजू होती. काही तुकडे तिथंच खात, उरलेले खिशात घालून कारखान्याच्या वाटेवर.

आज या गोष्टीवर मी पोट धरून हसते. त्या दिवशी मात्र माझा संताप झाला. मी खिसा त्यांच्यासमोर नाचवला, मरायचंय का म्हणून विचारलं. बाबा खोड पकडलेल्या पोरासारखे हसत होते. आईच्याही तोंडावर हसू आलं, आणि ते मला सहन झालं नाही. मी तिच्याकडे वळले आणि म्हणाले, "तुला काय हसू येतंय? इतकी वर्षं तूच हे घातलंस त्यांना. तुझ्या हातचं खाऊनच आजारी पडले ते."

आई उठली. माझ्या हातातला सदरा घेतला, नीट पिळला, दोरीवर टाकला, आणि आत गेली. बाबांचं हसू गेलं होतं. त्यांनी मला आयुष्यात कधी हात लावला नाही, तेव्हाही नाही. एवढंच म्हणाले, "आवशीला असं बोलायचं नाय." मग खुर्चीत टेकले आणि काडेपेटी मागितली. मी ती आणून दिली. जेवणानंतर, चहानंतर, देवळातून आल्यावर, त्यांना विडीसाठी काडेपेटी आणून देणं हे माझं लहानपणापासूनचं काम होतं. ते मी पथ्याच्या त्या सगळ्या दिवसांत चोख केलं. कागदात विडीबद्दल काही नव्हतं.

तीन महिन्यांनी आम्ही तिघं डॉक्टरांकडे गेलो. मी वही घेऊन गेले होते, रोजचं खाणं लिहिलेली. डॉक्टरांनी ती चाळली, बांगडा-तारली बंद का केली म्हणून विचारलं, आणि मी कागदाचा प्रयोग सांगितल्यावर खुर्ची मागं रेलून हसले. माशातल्या तेलाशी माझं भांडण नाही, म्हणाले, उलट तेच खा. मग त्यांनी छाती तपासली आणि त्यांचा चेहरा बदलला. विड्या किती झाल्या आता, असं त्यांनी विचारलं. बाबा छताकडे बघू लागले. बंडलभर, असं आईनं सांगितलं. डॉक्टरांनी माझी वही मिटून बाजूला ठेवली. मग हळू म्हणाले, "मी कागदाच्या मागं हातानं लिहून दिलं होतं. तुम्हालाही बजावलं होतं. सगळ्यांत आधी विडी." बाबा म्हणाले, "घरच्या कागदावर नव्हतं ते."

घरी आल्यावर मी पाण्याचा तांब्या घेतला आणि भिंतीवरचा कागद भिजवला. शितांची खळ पक्की बसली होती, माझं काम पक्कंच असे. बोटांनी सोलता सोलता कागद तीन ठिकाणी फाटला. मागं निळ्या शाईतलं तिरपं अक्षर पाण्यानं फुटलं होतं, पण वाचता येत होतं. विडी, तंबाखू आजपासून पूर्ण बंद, याखाली दोन रेघा. मग, तेल कुठलंही असो, माणशी तीन चमचे, तळण नको. मग, वाटपात खोबरं चमचाभर चालेल. मग, रोज चालणे. म्हणजे जे करायचं ते सगळं मी भिंतीकडे तोंड करून चिकटवलं होतं, आणि तीन महिने त्याच्यासमोर उभी राहून मी पोथी वाचावी तशी पुढची बाजू वाचत होते. चूक नुसती कागदाची असती तर एक वेळ हसून सोडली असती. पण त्या महिन्यांतली प्रत्येक विडी माझ्या हातच्या काडेपेटीनं पेटली होती. बाबांना काही झालं असतं, आणि अजूनही होऊ शकत होतं, तर ते मी केलं असतं. आईला मी जे म्हटलं होतं ते शब्दशः मला लागू होत होतं.

मी मागच्या पायरीवर बसून राहिले. दुपारी जेवले नाही, संध्याकाळीही नाही. बाबांनी विड्यांचं बंडल आणलं, माझ्यासमोर बंबात टाकलं आणि मला हसवायला म्हणाले, आता बंबाला ठसका लागेल. मी हसले नाही. आई येऊन शेजारी बसली, थोड्या वेळानं पदर खोचून देवळाकडे गेली. परत आल्यावर तिनं मला पेज पाजली. तिला सॉरी म्हणावं असं माझ्या मनात शंभरदा आलं, पण आमच्या घरात तो शब्द कुणी वापरत नसे आणि दुसरा कुठला शब्द मला सापडला नाही.

बाबांनी विडी सोडली. महिनाभर लवंगा चघळत ते सगळ्यांवर खेकसले, आणि मग हळूहळू पहिल्यासारखे झाले. खवणी माळ्यावरून उतरली. वाटपात चमचाभर खोबरं परत आलं, पुढं दोन चमचे झालं, डॉक्टरांची बदली झाल्यावर तीन. पण आईनं आपल्यासाठी वेगळं काढायला सुरुवात केली. तिच्या ताटात तळलेल्या माशाची एखादी तुकडी, आमटी बिनखोबऱ्याची. मी विचारलं तर म्हणाली, देवीला सोडलंय. आमच्याकडे बायका अशा गोष्टी सोडतात, कुणी वांगं, कुणी फणस. सोडलेलं परत धरता येत नाही. पण कोकणात खोबरं सोडणं म्हणजे जेवणच सोडण्यासारखं आहे. लग्नाच्या पंगतीत ती वरण-भातावर उठे. चतुर्थीला घरभर मोदक उकडत असत आणि ती उरलेल्या उकडीत मीठ-मिरची घालून केलेल्या निवगऱ्या खाई. नातू तिची थट्टा करी, आजीला गोड कळतच नाही. मी त्या थट्टेत कधी सामील झाले नाही. तिनं खोबरं का सोडलं, ते मला माहीत होतं. मी तिला बोलले होते. तो सदरा पिळून ती आत गेली, तेव्हाच तिनं ते सोडलं असणार. मी पुढं शाळेत शास्त्र शिकवलं, पोरांकडून कागदाचा प्रयोग करून घेतला, लग्न झालं, मुलगा झाला, पण तिच्या ताटाकडे बघायची मला कायम भीती वाटत राहिली.

बाबा ऐंशी ओलांडून गेले, झोपेत, हृदयाची काही तक्रार नसताना. त्यानंतर आई माझ्याकडे राहायला आली. दात गेले होते, जेवण चिमणीएवढं. एका दुपारी मी तिच्यासाठी तांदळाची खीर करत होते, दूध घालून, आणि शेजारी सगळ्यांसाठी नारळाचा रस काढून ठेवला होता. मला एकदम राहवलं नाही. म्हटलं, आई, आता पुरे कर. ज्यांच्यासाठी सोडलंस ते सुखानं गेले. आणि त्या दिवशी मी तुला जे बोलले त्याबद्दल मला माफ कर. इतकी वर्षं माझ्या घशाशी अडकून आहे ते.

आईनं माझ्याकडे बघितलं. "कुठल्या दिवशी गो?"

मी खिशाचं, सदऱ्याचं, सगळं सांगितलं. खिशाचं तिला आठवलं आणि ती पुष्कळ वेळ हसली. माझं बोलणं तिला आठवत नव्हतं. खरंच आठवत नव्हतं, कारण आईला खोटं बोलता येत नसे. म्हणाली, "पोरीच्या बोलण्यानं कोण खोबरं सोडतंय? मग मला भातही सोडावा लागला असता."

मग कशासाठी सोडलंस, मी विचारलं.

"तू तो कागद सोलून काढलास ना, त्या दिवशी. जेवली नव्हतीस. पायरीवर बसलेलीस, मी बघितलं तुझं तोंड. ह्यांना काय झालं असतं तर तू जन्मभर सवताला खात बसली असतीस. देवीला म्हटलं, ह्यांना राख, म्हणजे माझी पोर राहील." ती खिरीच्या वाटीकडे हात करून म्हणाली, "दे ती. निवली असेल."

मी वाटी दिली. मग विचारलं, इतकी वर्षं मला सांगितलं का नाहीस. तिनं एक चमचा खीर खाल्ली, गोड किती झाली ते बघितलं, आणि म्हणाली, "सांगितलं असतं तर तू मला खोबरं खाऊ घातलं असतंस."